तेरा पिक्सेल

तेरा पिक्सेल.
काही न सांगता ब्राउझर जो गोल देतो
तो एवढाच असतो.
महापेला तिसऱ्या मजल्यावर, एसीखाली,
आम्हाला तो पुरायचा.
आम्ही बोट कुठे लावतो? बाण नेतो नुसता.

ऐरोलीच्या विभाग कार्यालयात पहिलं यंत्र बसलं
तेव्हा मला धाडलं,
"बाजूला उभी राहा, बघ लोक कुठे अडतात."
लोक पहिल्याच पानावर अडले.

जोमा मढवी, दिवा गावचे.
चष्मा कपाळावर, कागद दुधाच्या पिशवीत,
आणि बोटावर जाळ्याच्या दोरीची चीर,
खाडी सोडून वीस वर्षं झाली तरी तशीच.
त्यांनी गोलावर बोट ठेवलं
तर गोलच दिसेनासा झाला.
उचललं, तर खालचा पर्याय लागलेला.
पुन्हा दाबलं. आता वरचा.
"पोरी, माजा बोट मोठा का तुजा ठिपका बारीक?"

त्या रात्री घणसोलीत, कुकरच्या शिट्ट्या मोजत,
मी तेराचे अठ्ठावीस केले.
कडा दोनची, राखाडी नाही, शाईसारखी.
आतला ठिपका निम्म्याहून थोडा लहान,
निम्म्याच्या वर गेला की
कुणी डोळे वटारून बघतंय असं वाटतं.
निवडलेल्याला निळा दिला, पण रंगावर भागत नाही,
चाचणीतल्या फर्नांडिसला रंग धड कळत नाहीत,
म्हणून कडाही जाड केली.
आणि शब्द.
शब्दावर बोट पडलं तरी गोल लागला पाहिजे,
हे लिहायचंच राहिलं होतं.
इतके दिवस दोघे शेजारी राहत होते
आणि ओळख नव्हती.
अख्ख्या ओळीला ऐसपैस उंची दिली.
'पुढे' बटण पडद्याखाली गेलं.
केळुसकर सर म्हणाले, "बालवाडीचा फॉर्म वाटतोय."
म्हटलं, वाटू दे.

पुढच्या सोमवारी काका परत.
या खेपेला ओळ पहिल्या बोटात उजळली.

अर्जदार कोण?
मालक
भाडेकरू
प्रकल्पग्रस्त

त्यांनी 'मालक' दाबलं. लागलं.
मग 'प्रकल्पग्रस्त'. तेही लागलं,
आणि 'मालक' विझलं.
"यो का गेला?"
"काका, एकच निवडायचं असतं."
"मी तं दोनी हाय."

गोल म्हणजे एकच, चौकोन म्हणजे हवे तितके:
हे मला कुणीतरी शिकवलं होतं.
दिवा गावात कोण गेलं होतं शिकवायला?

मग म्हणाले, घरात रेडिओ होता, लाकडी.
चार बटणं, हस्तिदंती रंगाची.
एक दाबलं की आधीचं खटकन वर यायचं.
(त्यावरूनच आमच्या या गोलाला नाव पडलंय.
माहीत होतं मला. पण तो रेडिओ
मी कधी दाबलेला नव्हता.)
"पन दोन एकदम दाबली ना, बरोब्बर एकदम,
तं दोनी आत रहायची."
"मग काय वाजायचं?"
"काय पन. खरखर. आय बोंबलायची."

आणि त्यांनी अंगठा 'मालक'वर ठेवला,
मधलं बोट 'प्रकल्पग्रस्त'वर,
'भाडेकरू'ला पुलासारखं ओलांडून,
श्वास रोखून
दाबलं.

पडदा जरा थबकला.
प्रकल्पग्रस्त. एकच.
काका मान वाकडी करून उभेच,
खटका ऐकू येईल म्हणून.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

ऑफिसात मी नोंद केली:
दोन पर्याय एकदम दाबता येत नाहीत.
चहाच्या आत उत्तर आलं:
अपेक्षित वर्तन. नोंद बंद.

मी ती परत उघडायला गेले.
कारण विचारलं होतं.
खाली चार गोल,
तेरा तेरा पिक्सेलचे,
आणि त्यातला एकच.